पांढरा पक्षी कधी जळतो, कधी राखाडी येतो: एक्स्पोजर नेमकं कुठे बिघडतंय ते शोधताना

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येते. खंड्या, तांबट, घार, सगळे नीट येतात. बगळा समोर आला की गणित चुकतं. ही तक्रार मी अनेकांच्या कॅमेऱ्यांवर सोडवली आहे, आणि कॅमेरा खरोखर नादुरुस्त निघाल्याचे प्रसंग त्यात फारच थोडे. बहुतेक वेळा कॅमेरा त्याला सांगितलेलं काम चोख करत असतो. ते काम पांढऱ्या पक्ष्यासाठी चुकीचं असतं, एवढंच.

म्हणून दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी खालच्या क्रमाने तपासत या. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही, दोन-चार मिनिटं लागतात. शेवटच्या तपासण्यांना ट्रायपॉड, रिकामी भिंत आणि थोडा धीर लागतो.

लक्षणं

आधी तुमचा दोष यातला कोणता ते ठरवा. उपाय त्यावर अवलंबून आहे.

• पाठ, मान आणि पंखांचा वरचा भाग सपाट पांढरा. झूम केलं तरी पिसांच्या रेघा नाहीत. एडिटिंगमध्ये हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली ओढले की पिसं दिसण्याऐवजी तिथे मळकट, एकरंगी डाग उमटतो. ही खऱ्या ओव्हर एक्स्पोजरची, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्रकाश घेतल्याची, खूण. त्या जागी सेन्सरकडे माहितीच उरलेली नाही.

• पक्षी चौकटभर आहे, पण पांढऱ्याऐवजी राखाडी, धुळकट दिसतो. पिसं आहेत, उजळपणा नाही.

• एकाच उड्डाणातल्या फ्रेम एकमेकींशी जुळत नाहीत. झाडीसमोरून जाताना पक्षी जळालेला, आकाशासमोर आला की काळवंडलेला.

• हिस्टोग्राम (फोटोतला उजेड डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा मांडणारा आलेख) व्यवस्थित, तरी पिसांत तपशील नाही.

• फक्त उजळ भागांवर पिवळट किंवा निळसर झाक, बाकी रंग ठीक.

• पक्षी पांढरा असो की काळा, झाड असो की माणूस, सगळेच फोटो ओव्हर. किंवा एका ठरावीक लेन्सवरच ओव्हर.

शेवटचं लक्षण असेल तर दुसरी तपासणी करून थेट शेवटच्या भागाकडे जा. बाकीच्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी.

हे होतं कशामुळे

कॅमेऱ्यातला मीटर पक्ष्यावर पडणारा प्रकाश मोजत नाही. चौकटीतून परावर्तित होऊन लेन्समध्ये येणारा प्रकाश तो मोजतो. समोर जे आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो एक्स्पोजर काढतो. हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. स्वच्छ पांढरी पिसं याच्या कितीतरी पट प्रकाश परत पाठवतात, म्हणजे करड्यापेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) किंवा थोडी जास्तच उजळ असतात.

आता गर्द झाडीसमोर छोटासा बगळा घ्या. चौकटीचा बहुतेक भाग काळपट आहे, मीटर त्या काळोखाला करड्यापर्यंत उचलतो आणि बगळा त्याच्यासोबत वर जाऊन जळतो. तोच बगळा चौकटभर घ्या. आता मीटरला पांढरंच पांढरं दिसतं, तो त्याला करड्यापर्यंत खाली ओढतो आणि बगळा राखाडी येतो. एकच मीटर, एकच पक्षी, एकच ऊन. दोन्ही फोटो बिघडले, आणि तेही उलट्या दिशांना. आजकालचे कॅमेरे दृश्य ओळखून यात थोडी सुधारणा करतात, पण ती किती करतील याचा भरवसा नसतो.

१. फोटो खरंच बिघडला आहे का?

कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. उन्हात दिसावं म्हणून तो पूर्ण वाढवलेला असेल तर चांगला फोटोही जळालेला वाटतो. ऑटो ब्राइटनेस असेल तर सावलीत आणि उन्हात एकच फोटो वेगवेगळा दिसतो. ब्राइटनेस मधल्या पातळीवर ठेवा, ऑटो बंद करा. घरच्या मॉनिटरलाही हेच लागू.

मग हायलाइट वॉर्निंग चालू करा. जळालेला भाग यात लुकलुकतो. मिररलेस कॅमेरा असेल तर फोटो काढण्याआधीच उजळ भागावर पट्टे दाखवणारा झेब्रा मिळतो, तो वापरा. स्क्रीनवर डोळ्यांनी केलेला अंदाज आणि ही लुकलुक यांत मतभेद झाला तर लुकलुकीचं ऐका.

२. आधीचं काही सेट राहिलंय का?

कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या एक्स्पोजरमध्ये आपण केलेला अधिक-उणे बदल, शून्यावर आहे का? काल संध्याकाळी पाठीमागून उजेड असलेल्या पक्ष्यासाठी +१ दिलं असेल तर कॅमेरा बंद करून चालू केला तरी ते बहुतेक कॅमेऱ्यांत तसंच राहतं. डायल पिशवीतून काढताना फिरतो, हेही नेहमीचं. ब्रॅकेटिंग (ओळीने वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढणं) चालू राहिलं असेल तर ते ओळखणं सोपं आहे: फ्रेम ठीक, काळी, पांढरी अशा ठरलेल्या चालीने येत राहतात.

आयएसओ, म्हणजे प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील ते सांगणारा आकडा, तोसुद्धा बघून घ्या. पहाटे अंधारात ३२०० केलेला आयएसओ आठ वाजता तसाच असेल तर कॅमेऱ्याला शटरचा वेग वाढवत न्यावा लागतो, आणि शटरला मर्यादा असते. अॅपर्चर प्रायॉरिटीत (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ जास्त आणि ऊन कडक असेल तर कॅमेरा १/४००० किंवा १/८००० ला अडकतो. मग व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा आकडा लुकलुकून इशारा देतो, फोटो मात्र काढू देतो. अशा वेळी कितीही उणे कॉम्पेन्सेशन दिलं तरी फोटो तितकाच ओव्हर येतो. आयएसओ खाली आणला की दोष संपतो.

३. दोष एक्स्पोजरचा आहे की धारदारपणाचा?

ही तपासणी लोक हमखास वगळतात, म्हणून ती इतक्या वर घेतली आहे. पांढऱ्या पिसांमधला फरक मुळातच खूप सौम्य असतो. पिसांच्या कडांवर पडणाऱ्या बारीक सावल्या हाच तिथला सगळा तपशील. फोकस जरा पुढे-मागे झाला, शटर कमी पडला, किंवा तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत असली की त्या सावल्या आधी पुसल्या जातात आणि पक्षी जळाल्यासारखा दिसतो. जास्त आयएसओवर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, काढून टाकणारं सॉफ्टवेअरही तेच करतं.

ओळखायचं कसं? लुकलुक नाही, हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकलेला नाही, तरी पिसं नाहीत, तर डोळा आणि चोच १०० टक्के झूमवर बघा. त्यांच्या कडा मऊ असतील तर एक्स्पोजरला हात लावू नका. शटर वाढवा, जवळून काढा, किंवा हवा थंड असताना पुन्हा या. पुढची काच आणि फिल्टर पुसलेले आहेत ना हेही बघा. त्यावर धुक्यासारखा थर असला की पांढरं पसरतं.

४. मीटरिंग कोणतं आहे?

पूर्ण चौकट वाचणारं मीटरिंग, ज्याला कुणी इव्हॅल्युएटिव्ह म्हणतं तर कुणी मॅट्रिक्स, चालतं. पण ते पार्श्वभूमीनुसार बदलतं, हे लक्षात ठेवून वापरावं लागतं. चौकटीतला एक छोटा भागच वाचणाऱ्या स्पॉट मीटरिंगमध्ये दोन सापळे आहेत. एक, स्पॉट पांढऱ्या पिसांवर ठेवला की मीटर त्यांना करडं करणार, म्हणून +१⅔ च्या आसपास कॉम्पेन्सेशन द्यावंच लागतं. दोन, काही कॅमेऱ्यांत स्पॉट फोकस पॉइंटच्या मागे जातो, काहींत तो कायम मध्यावर राहतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो मध्यावरच राहत असेल आणि पक्षी कडेला असेल, तर तुम्ही चिखल मोजताय.

निकॉनने २०१४ मध्ये डी८१० पासून हायलाइट-वेटेड, म्हणजे उजळ भाग जपणारं, मीटरिंग आणलं, आणि इतरांकडेही आता तसा पर्याय आहे. पिसं वाचवायला ते खरंच उपयोगी आहे. बाकीचा फोटो गडद येतो, तो नंतर उचलावा लागतो.

५. पार्श्वभूमीनुसार कॉम्पेन्सेशन

ऑटो किंवा सेमी-ऑटोमध्ये काम करायचं असेल तर पक्ष्याकडे नाही, पक्ष्यामागे बघून आकडा ठरवायचा. माझे सुरुवातीचे आकडे असे, पूर्ण चौकटीच्या मीटरिंगसाठी, सूर्य तुमच्या पाठीमागे असताना:

काळोखी झाडी किंवा सावलीतलं पाणी आणि पक्षी लहान: −१⅓ ते −२.
हिरवं गवत, मध्यम रंगाची माती: −⅓ ते −१.
निळं आकाश: −⅓ ते −⅔.
पक्षी चौकटभर: +⅔ ते +१⅓.
ढगाळ पांढरं आकाश आणि उडणारा पक्षी: +१ ते +२, कारण इथे आपल्याला पंखांची खालची, सावलीतली बाजू दिसत असते.

हे नियम नव्हेत, पहिल्या फ्रेमसाठीचा अंदाज आहे. पहिली फ्रेम काढा, लुकलुक बघा, ⅓ ने सरका. पाठीवर एखाद-दुसऱ्या ठिपक्यापुरती लुकलुक चालते. पूर्ण मान लुकलुकत असेल तर नाही.

बसलेल्या पक्ष्यासाठी एवढं पुरतं. उडणाऱ्यासाठी पुरत नाही. एका सेकंदात पार्श्वभूमी झाडीची पाण्याची होते, पाण्याची आकाशाची होते, आणि तुमचा अंगठा तेवढ्या वेगाने डायल फिरवू शकत नाही.

६. मॅन्युअल, आणि खरोखरचं मॅन्युअल

ज्यांच्या फ्रेम एकमेकींशी जुळत नाहीत त्यांचा दोष इथेच सुटतो. झाडीसमोरून आकाशासमोर गेलेल्या बगळ्यावर पडणारं ऊन बदललेलं नसतं. बदलते ती फक्त मागची जागा. मग एक्स्पोजर का बदलायचं? एकदा उन्हातल्या पांढऱ्या पिसांसाठी बरोबर आकडे सापडले की ते मॅन्युअलमध्ये बांधून टाका आणि मीटरची सुई इकडे-तिकडे झाली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करा.

इथे एक अट आहे, आणि ती पाळली जात नाही म्हणून लोक सांगतात की मॅन्युअल करूनही फरक पडला नाही. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ ऑटोवर असेल तर ते मॅन्युअल नाही. शटर आणि अॅपर्चर तुम्ही ठरवलेत, पण आयएसओ मीटर ठरवतो, म्हणजे एक्स्पोजर पुन्हा पार्श्वभूमीच्याच हातात गेलं. आयएसओला आकडा द्या.

आकडे मिळवायचे कसे? स्वच्छ ऊन, सूर्य बऱ्यापैकी वर आणि तुमच्या पाठीमागे, अशा वेळी जुना नियम आजही चालतो: अॅपर्चर एफ/१६ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर आयएसओच्या आकड्याइतका. आयएसओ २०० असेल तर १/२००. हा मध्यम रंगांसाठी. पांढऱ्या पक्ष्यासाठी एक स्टॉप कमी करा. पक्ष्यांच्या कामाच्या आकड्यांत सांगायचं तर आयएसओ ४००, एफ/८, १/३२००. किंवा आयएसओ २००, एफ/५.६, १/३२००. दोन्ही एकच एक्स्पोजर. इथून सुरू करा, ⅓ स्टॉपने वाढवत जा, लुकलुक सुरू झाली की एक पाऊल मागे या. त्या उन्हापुरतं ते तुमचं एक्स्पोजर.

नियम न वापरता मोजायचं असेल तर त्याच उन्हातल्या हिरव्या गवतावर स्पॉट ठेवून वाचन घ्या. गवत करड्याच्या जवळ असतं. तिथून ⅔ ते १ स्टॉप खाली या.

मॅन्युअलची जबाबदारीही तुमचीच. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रकाश झपाट्याने वाढतो, तेव्हा दर काही मिनिटांनी एक चाचणी फ्रेम काढा. पातळ ढग सूर्यावर आला की एक-दोन स्टॉप सहज जातात. पक्षी उन्हातून सावलीत उतरला तर जुने आकडे निरुपयोगी. आणि तो वळून त्याची सावलीतली बाजू तुमच्याकडे आली तरी आकडे बदलतात, हे विसरायला होतं.

घरी एक सराव करून ठेवा. खरबरीत पांढरा टॉवेल उन्हात पसरा, स्पॉट मीटरने वाचा, आणि +१ पासून +३ पर्यंत ⅓ च्या पावलांनी फोटो काढा. टॉवेलचे धागे कोणत्या आकड्यापर्यंत दिसतात ते लिहून ठेवा. +२ ला दिसतात, +२⅓ ला गेले, असं काहीतरी निघेल. हा तुमच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा आकडा. दुसऱ्या कुणाच्या आकड्यांपेक्षा, माझ्याही, यावर जास्त विश्वास ठेवा. पुढे स्पॉट वापरताना त्याच्या ⅓ आत राहिलं की पिसं हाती लागतात.

७. कॅमेऱ्याच्या आतली प्रक्रिया

रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असलात तरी कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम आणि ती लुकलुक आतल्या जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेल्या चित्रावरून, बनते. पिक्चर स्टाइल (जेपेगचे रंग आणि कॉन्ट्रास्ट ठरवणारी सेटिंग) भडक असेल, कॉन्ट्रास्ट वाढवलेला असेल, तर रॉमध्ये शाबूत असलेली पिसंही जळाल्याची खोटी सूचना मिळते. मग लोक घाबरून दीड स्टॉप अंडर करतात आणि सावल्या उचलताना नॉइज काढत बसतात. न्यूट्रल स्टाइल, कमी कॉन्ट्रास्ट ठेवा. सूचना सत्याच्या जवळ येते.

जेपेगच काढत असाल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण तिथे जळालेलं परत मिळत नाही. रॉमध्ये थोडी माहिती बहुधा शिल्लक असते, पण त्या शिलकीवर नियोजन करू नका.

मेनूतला सर्वांत खालचा, वाढीव आयएसओ, म्हणजे ५० किंवा एल लिहिलेला, टाळा. तो खरा आयएसओ नसतो. उजळ भागांची जागा त्यात कमी होते, आणि आपल्याला नेमकी तीच जागा हवी असते.

पिवळट-निळसर झाक असलेल्यांसाठी: एकरंगी हिस्टोग्राम सोडून लाल, हिरवा, निळा असे वेगळे दाखवणारा चालू करा. कोवळ्या उन्हात पिसांवर लाल प्रकाश जास्त असतो. लाल चॅनेल आधी भरतो, आणि एकरंगी हिस्टोग्रामवर हिरव्याचा पगडा असल्याने ते कळत नाही. एक चॅनेल कापला गेला की उजळ भागाचा रंगच बदलतो. व्हाइट बॅलन्सने तो नीट होत नाही, एक्स्पोजर ⅓ ते ⅔ कमी केल्याने होतो.

८. प्रकाशच साथ देत नसेल तर

भर दुपारी, डोक्यावरच्या उन्हात, बगळ्याची पाठ आणि पोट यांत इतका फरक असतो की एका फ्रेममध्ये दोन्ही सांभाळताना दमछाक होते. काळं डोकं आणि पांढरं अंग असलेल्या शराटीचं तर विचारूच नका. अशा वेळी पांढऱ्यासाठी एक्स्पोज करा, काळं नंतर उचला. उलट करता येत नाही. खाली पाणी किंवा फिकट वाळू असेल तर तिथून उसळलेला प्रकाश पोटाची बाजू भरून काढतो, ती जागा शोधा. पातळ ढगांचा दिवस मला पांढऱ्या पक्ष्यांसाठी सर्वांत आवडतो. पिसं तेव्हा स्वतःहून उमटतात.

चाचण्या घेण्यासाठी घरट्यावरचा पक्षी कधीच निवडू नका. मान ताठ करून तो तुमच्याकडे बघू लागला की मागे या.

९. आता कॅमेऱ्यावर संशय

वरच्या लागू असलेल्या तपासण्या करून झाल्या, आणि दोष पांढऱ्या पक्ष्यापुरता नाही हे नक्की झालं, तर या चाचण्या करा. आधी लेन्स काढून तिचे आणि कॅमेऱ्याचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने हलके पुसा. डीएसएलआर ट्रायपॉडवर ठेवून, डोळा न लावता फोटो काढत असाल तर आयपीसमधून (डोळा लावायच्या काचेतून) मागून शिरणारा उजेडही मीटरला फसवतो आणि फोटो अंडर येतात. आयपीस झाका.

मग ट्रायपॉड, दिवसाच्या स्थिर उजेडातली साधी भिंत, मॅन्युअल मोड, आयएसओ पक्का, मेकॅनिकल शटर. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात ही चाचणी करू नका, त्यांच्या लुकलुकीने निकाल चुकतो.

अॅपर्चरसाठी: एफ/५.६ ला १/५००, एफ/८ ला १/२५०, एफ/११ ला १/१२५, एफ/१६ ला १/६०. चारही फोटोंचा मधला भाग सारखा उजळ यायला हवा. एफ क्रमांक वाढेल तसे फोटो उजळत गेले तर अॅपर्चरची पाती पूर्ण मिटत नाहीत. पात्यांवर तेल उतरलं किंवा त्यांना हलवणारी यंत्रणा अडकली की असं होतं. दुसरी लेन्स लावून हीच चाचणी करा. दोष लेन्सबरोबर गेला तर लेन्स, राहिला तर कॅमेरा.

शटरसाठी अॅपर्चर तसंच ठेवून: १/५०० ला आयएसओ १००, १/१००० ला २००, १/२००० ला ४००, १/४००० ला ८००. वेगवान फ्रेममध्ये एक बाजू गडद होत असेल किंवा पट्टा येत असेल तर शटरचे पडदे बरोबरीने धावत नाहीत.

यातलं काहीही आढळलं की थांबा. पात्यांवर स्प्रे मारू नका, लेन्स उघडू नका, शटरच्या पडद्याला बोट किंवा ब्लोअरची नळी लावू नका. पडदा अतिशय नाजूक असतो, आणि उघडलेल्या लेन्सची काच परत त्याच जागी बसवायला कारखान्यातली साधनं लागतात. वॉरंटी असेल तर स्वतः उघडल्याने तीही जाते. कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा लेन्स उघडण्याचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडे द्या, आणि देताना भिंतीचे ते फोटो मूळ फाइलसकट सोबत द्या. कोणत्या एफ क्रमांकाला किंवा कोणत्या शटरला दोष सुरू होतो हे त्यात दिसतं, आणि "पांढरे पक्षी नीट येत नाहीत" या वाक्यापेक्षा तंत्रज्ञाला त्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.